शिसमाचा पेढ्याचा साचा: हत्यारं, लाकूड आणि फुकट गेलेले तुकडे (नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५)

करायचं काय: पेढ्याचा लाकडी साचा, तोंड ४५ मिमी, खोली ८ मिमी. तळाशी आठ पाकळ्यांचं ३२ मिमीचं कमळ आणि भोवती २४ ठिपक्यांची माळ. प्रत्येक पाकळीत मधली शीर आणि बाजूच्या दोन. साच्याला दांडा हवा, म्हणजे पालथा करून आपटता येतो. सगळं हाताच्या हत्यारांनी, शनिवार-रविवार मिळेल तेवढ्या वेळात. गणपती २७ ऑगस्टला, त्याआधी साचा वापरात यायला हवा.

साच्यात सगळं उलटं असतं. पेढ्यावर जे उठून दिसायचं ते लाकडात खोल जातं आणि पेढ्यावरची फट म्हणजे लाकडात उभी राहिलेली पातळ भिंत. या नोंदींतले निम्मे घोटाळे त्या भिंतींचे आहेत.

२२ जून, रविवार. लाकूड.

आधी हत्यारं विकत घ्यायची नाहीत असं ठरवलं होतं. धार किती अंशांवर ठेवायची हे लाकूड ठरवतं, म्हणून पहिल्यांदा लाकूड. वखारीतून आणि ओळखीच्या मिस्त्रींकडून सहा जातींचे तुकडे आणले आणि सगळे १०० × ५० × २५ मिमीला कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले.

पांगारा ३६ ग्रॅम, शिवण ५८, आंबा ७९, सागवान ८१, शिसम ९८, शिसव १०५.

फणस मुद्दाम घेतला नाही. त्याच्या गाभ्याचा पिवळा रंग पाण्यात उतरतो, बौद्ध भिक्षूंची चीवरं त्यानेच रंगवत. पेढ्याला तो रंग नको. कडुनिंब कडवट म्हणून बाद.

प्रत्येक तुकड्यावर एकाच व्ही पटाशीने रेषेला (लाकडाच्या धाग्यांच्या दिशेला) आडवी ४० मिमीची खाच मारली. रेषेच्या दिशेने कुठलंही लाकूड गोड कापतं, त्यावरून काही कळत नाही. परीक्षा आडव्या खाचेची.

पांगारा: कापला जात नाही, दबतो. खाचेच्या दोन्ही कडांना लव आली. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची असतात, पण त्यांत आकार मोठे आणि वरून रंगाचा थर. एक मिमीची शीर या लाकडात उभी राहत नाही.

शिवण: खाच स्वच्छ, हाताला हलकी, उग्र वास नाही. लाकडातली छिद्रं मात्र डोळ्यांना दिसतात. सरावाला उत्तम.

आंबा: रेषा उलटसुलट. एका बाजूने येताना गुळगुळीत, दुसरीकडून येताना उपटून निघतो. वखारीतल्या तुकड्यांत असा आंबा फार.

सागवान: खाच ठीक, पण लाकडातल्या वाळूसारख्या कणांनी धार लवकर मरते. गुजरातेत पेथापूरला कापड छापायचे ठसे सागवानाचे करतात, कारण ओल्या रंगात ते लाकूड फारसं हलत नाही. आपल्याला त्याचा तेलकट वास नडतो.

शिसव: फार घट्ट, पण इतकं काळं की पेन्सिलची रेघ दिसत नाही. महागही.

शिसम: आडवी खाच काचेसारखी. हाताला जड, धारेला जड. पोळपाट-लाटणी याचीच होतात, त्यामुळे खाण्याच्या पदार्थाला चालेल का हा प्रश्नच उरत नाही.

निर्णय: सराव शिवणीवर, अखेरचा साचा शिसमावर. खर्च २८० रुपये, वेळ चार तास. त्यातला दीड तास तुकडे सारखे कापण्यात गेला. वजनाची तुलना करायची नसेल तर तो वाचतो.

२८ जून, शनिवार. बारा नगांचा संच.

चूक क्रमांक एक. ६५० रुपयांना कोरीव कामाच्या हत्यारांचा बारा नगांचा संच घेतला. लाकडी मुठी, दिसायला सुरेख. घरी येऊन पाहिलं तर धारेचा उतार ३५ ते ४० अंश, म्हणजे लाकूड कापायच्या ऐवजी फोडायचा. तीन नगांची पाती मुठीत डुगडुगतात. व्ही पटाशीची एक बाजू जाड, एक पातळ. गोल पटाश्या पाच, त्यांतल्या तिघींची गोलाई जवळजवळ सारखीच.

कामाचे चार नग निघाले: ६ मिमीची सरळ पटाशी, ४ मिमीची तिरकी, उथळ गोलाईची ८ मिमी आणि खोल गोलाईची ४ मिमी. बाकी आठ डब्यात.

गोल पटाशी घेताना आकडे कसे वाचायचे ते इथेच लिहून ठेवतो. पातं किती वळलेलं आहे त्याला क्रमांक असतो: ३ जवळजवळ सपाट, ५ उथळ, ७ मध्यम, ९ खोल, ११ म्हणजे इंग्रजी यू. पुढचा आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. शेफील्ड आणि स्विस पद्धतींचे क्रमांक तंतोतंत जुळत नाहीत, तेव्हा दोन ठिकाणची हत्यारं मिसळणार असाल तर कागदावर दाबून वळण पाहा, आकड्यावर जाऊ नका.

२९ जून, रविवार. धार.

चार नगांना पाच तास. काचेच्या जाड तुकड्यावर वॉटर पेपर चिकटवून ४००, ८००, १२००, २००० अशा क्रमाने. शेवटी जुन्या पट्ट्याचं चामडं लाकडाला चिकटवून त्यावर हिरव्या पॉलिशची वडी घासली.

सरळ पटाशीला त्रास नाही. गोल पटाशी बिघडली. मनगट फिरवत घासताना दोन्ही टोकांना जास्त वळवलं गेलं आणि कान, म्हणजे धारेचे दोन्ही कोपरे, झिजले. आता धार समोरून पाहिली तर नखासारखी गोल. अशी पटाशी भिंतीच्या मुळाशी पोचत नाही, मधलाच भाग आधी टेकतो.

दुरुस्ती: पटाशी १२०० च्या कागदावर उभी, अगदी काटकोनात धरली आणि दोन-तीनदा हलकेच ओढली. धार पूर्ण मेली, पण टोक सरळ झालं. आता समोरून उजेडात धरलं की टोकावर पांढरी रेघ दिसते. ती रेघ जिथे जाड तिथे जास्त घासायचं, जिथे केसाएवढी तिथे हात लावायचा नाही. सगळीकडे एकाच वेळी नाहीशी झाली की धार आली. रेघ गेल्यावर एक फेरीसुद्धा जास्त नको. ही युक्ती आधी वापरली असती तर तीन तास वाचले असते.

आतल्या बाजूला आलेली भुरभुर (घासताना उलटलेली पोलादाची बारीक कड) काढायला पेन्सिलच्या जाडीच्या काठीवर २००० चा कागद गुंडाळला. चामड्यावर हत्यार फक्त मागे ओढायचं, आणि ओढ संपताना मूठ वर उचलायची नाही. तशी उचलली की धारेचं टोक गोल होतं आणि मग चकाकी आहे पण कापत नाही असा चमत्कार दिसतो.

शिवणीसाठी उतार २० अंश ठेवला.

५ जुलै, शनिवार. शिवणीवर पहिला.

नक्षी कागदावर छापून फेव्हिकॉलने चिकटवली. चूक क्रमांक दोन. कागदाबरोबर डिंकाचा थर छिद्रांत बसला, वाळून कडक झाला आणि तिरक्या पटाशीच्या टोकाला चिकटत राहिला. पुढच्या वेळी कणकेची पातळ खळ वापरली. ती ओल्या फडक्याने निघते.

खड्डा काढायला ८ मिमीची उथळ पटाशी आणि मोगरी. आधी घेरावर उभे घाव, मग आतून घेराकडे ढलप्या. खोली मोजायला लाकडी पट्टीतून आरपार खिळा ठोकला आणि तो ८ मिमी बाहेर ठेवला. पट्टी तोंडावर टेकवून फिरवायची, खिळा जिथे घासतो तिथे अजून काढायचं.

तोंड ४५ आणि तळ ४२ ठेवला. म्हणजे भिंत उभी नाही, दहा अंशांच्या आसपास बाहेर कललेली. याशिवाय पेढा सुटणार नाही.

खड्ड्याला ५० मिनिटं. तळ मात्र खडबडीत राहिला. सरळ पटाशी खड्ड्याच्या मध्यावर चालते, पण मागच्या भिंतीजवळ मूठ कडेला अडते आणि पातं तळाला समांतर येतच नाही. ८ मिमी खोलीलाच हे होतं. वाकड्या पटाशीची गरज इथे कळली.

६ जुलै, रविवार. भिंती मोडल्या.

पाकळ्या तळाच्या खाली आणखी २.५ मिमी. दोन पाकळ्यांमधली भिंत १.५ मिमी जाड ठेवली होती. आठांपैकी दोन भिंती बुडापासून उडाल्या. दोन्ही समोरासमोरच्या, दोन्ही लाकडाच्या रेषेला काटकोनात.

कारण उघड आहे. त्या दोन भिंतींत धागे भिंतीच्या लांबीने जात नाहीत, तिला आडवे छेदून जातात. दीड मिलिमीटर लांबीचे धागे एकमेकांना चिकटून उभे, त्यांना जोर कसला. त्यात पटाशी सरळ भिंतीला लावून उभा घाव घातला. पातं पाचरीसारखं आत जातं आणि भिंतीला बाजूला ढकलतं.

दोन बदल केले. पहिला, नक्षी २२.५ अंश फिरवली. आठ भिंती ४५ अंशांच्या अंतराने असतात, त्यामुळे मूळ मांडणीत दोन भिंती नेमक्या आडव्या येतात. फिरवल्यावर एकही भिंत पूर्ण आडवी राहत नाही. सर्वांत वाईट चारही साडेसदुसष्ट अंशांवर. दुसरा, भिंतीपासून १ मिमी दूर आधी लाकूड काढून घ्यायचं, मग तिरक्या पटाशीने पातळ सालपटं काढत भिंतीकडे सरकायचं. मोगरी बंद, फक्त हाताचा जोर.

दुसऱ्या तुकड्यावर आठही भिंती उभ्या राहिल्या. एकीचा माथा थोडा चुरला.

१२ जुलै, शनिवार. वाकडी पटाशी आणि छत्रीची काडी.

चमच्यासारखी वाकवलेली, क्रमांक ५, रुंदी ५ मिमी, अशी एकच चांगली पटाशी घेतली. स्विस बनावटीची, २,९०० रुपये. बारा नगांच्या संचाच्या साडेचार पट पैसे एका नगाला. तरी पुन्हा विचारलं तर आधी हीच घ्या म्हणेन. शिवणीच्या जुन्या तुकड्याचा खडबडीत तळ तिने वीस मिनिटांत सपाट केला.

शिरांसाठी २ मिमीची यू पटाशी हवी होती. छत्रीच्या काडीला यू आकार आयताच असतो. मोडक्या छत्रीची ८ सेमी काडी कापून मुठीत बसवली, बाहेरून उतार दिला, आतून दोऱ्याला पॉलिश लावून घासली. खर्च शून्य, वेळ ४० मिनिटं. शिवणीवर झकास. शिसमाच्या तुकड्यावर तिसऱ्या खाचेत धार दुमडली. छत्रीची काडी शिवण, पांगारा असल्या मऊ लाकडांपुरतीच.

१३ जुलै, रविवार. चाकू.

बारीक टोकाचा चाकू हॅकसॉ ब्लेडपासून करायचा होता. पहिला प्रयत्न हाताच्या करवतीच्या साध्या ब्लेडचा. धार लागली, पण शिसमावर पाच मिनिटांत बोथट. हे ब्लेड दोन पोलादांचं निघालं. दातांची पट्टीच तेवढी कडक, पाठ मऊ, वाकावी म्हणून. घासताना दात गेले आणि कडक पोलादही त्यांच्याबरोबर गेलं. दीड तास पाण्यात.

वर्कशॉपमधल्या पॉवर हॅकसॉचं जाड ब्लेड आणलं. ते बहुधा सबंध हायस्पीड स्टीलचं असतं. खात्री करायची तर मागच्या कडेला कानस लावून बघा. कानस घसरली, चावली नाही, तर सबंध कडक. तुटलेला तुकडा भंगारात ३० रुपयांना मिळाला. ग्राइंडरवर घासताना निळा पडला तरी याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरत नाही, साध्या पोलादाचं उतरतं. तोडताना शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून, वर फडकं टाकून तोडा. काचेसारखं तडकतं आणि तुकडा डोळ्याकडेच येतो.

पातं ३५ मिमी, टोकाला पाठ उतरती, दोन्ही बाजूंनी मिळून २२ अंश. मुठीला चिंचेचं लाकूड. हा चाकू अखेरपर्यंत पुरला.

१९ जुलै, शनिवार. ओलं शिसम.

वखारीतून १५० × ७५ × २५ चा शिसमाचा तुकडा आणला. "एकदम सुकं आहे, दोन वर्षांचं" असं सांगितलं गेलं होतं. हाताला गार लागला. टोकाकडून १५ मिमीची चकती कापली: २०.६ ग्रॅम. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवून तासातासाने वजन केलं. १७.२ वर थांबलं. म्हणजे ३.४ ग्रॅम पाणी, सुक्या वजनाच्या जवळजवळ २० टक्के.

यात साचा कोरला तर दिवाळीपर्यंत तोंडाचा गोल लंबगोल होणार आणि आडव्या भिंतींना चिरा. जुलैत पुण्याच्या हवेत हे लाकूड सुकायलाही तयार नाही. टोकांना मेण लावून माळ्यावर ठेवलं. उन्हाळ्यात बघू. २२० रुपये सध्या अडकले.

२० जुलै, रविवार. पोळपाट.

सुकलेलं, सपाट, खाण्याच्या पदार्थाला चालणारं शिसम कुठे तयार मिळतं? भांड्यांच्या दुकानात. दहा इंची शिसमाचा पोळपाट ४२० रुपयांना घेतला. दुकानात तीन गोष्टी पाहिल्या. एक, वजन. २५० मिमी व्यास आणि २० मिमी जाडीला पाय सोडून पाऊण किलोच्या आसपास भरायला हवं. रंग दिलेला आंबा सव्वाशे-दीडशे ग्रॅम हलका भरतो. दोन, खालची बाजू. तिथे पॉलिश कमी असतं, नखाने खरवडलं तर रंगाची फसवेगिरी कळते. तीन, जोड. पुष्कळ पोळपाट दोन-तीन पट्ट्या चिकटवून केलेले असतात. कडेवरची रेषा एका बाजूकडून दुसरीकडे सलग जाते का ते पाहायचं.

चकतीची तीच ओव्हन परीक्षा: १८.४ ग्रॅमची १६.१ झाली. सव्वाचौदा टक्के. पावसाळ्यात घरातल्या हवेला हे ठीक आहे.

पाय काढले. वरचं पॉलिश रंध्याने पूर्ण उतरवलं, ते खाण्यात जायला नको. जाडी उरली १७ मिमी. साच्याची एकूण खोली ८ अधिक २.५, म्हणजे बुडाला साडेसहा मिमी राहतात. पुरे. मधून १८० × ७० ची एक फळी दांड्यासकट निघाली, बाजूला आणखी एक अंमळ आखूड. लाकडाची रेषा दांड्याच्या लांबीने ठेवली. आडवी ठेवली तर आपटताना दांडा मोडतो.

२६ जुलै, शनिवार. शिसमाचा खड्डा.

शिवणीला ५० मिनिटं लागली होती, याला २ तास ४० मिनिटं. पहिल्या दहा मिनिटांतच ८ मिमीच्या पटाशीच्या धारेला दोन खांडं पडली. २० अंशांची धार शिवणीत लोण्यासारखी चालत होती, शिसमात मोगरीखाली टिकली नाही. मोगरीच्या पटाश्यांचा उतार २५ अंश केला. गोल पटाश्यांना आतूनही पाचेक अंशांचा बारीक उतार दिला, म्हणजे धारेपाशी एकूण ३०. त्यानंतर खांड नाही. चाकू २२ वर आणि तिरकी २० वरच ठेवली, त्यांच्यावर मोगरी पडत नाही.

म्हणून दोन्ही लाकडांना एकच पटाशी वापरायची असेल तर घट्ट लाकडाचा कोन ठेवा. मऊ लाकडात ती थोडी जड चालेल, एवढंच.

ढलपी केवढी काढायची यालाही मर्यादा आहे. शिवणीत २ मिमी जाडीची निघते. शिसमात अर्ध्या मिमीहून जाड घेतली की पातं अडकतं, आणि सोडवायला मूठ हलवली की धार तुटते. अडकलेली पटाशी बाजूला हलवायची नाही, आलेल्या वाटेनेच मागे ओढायची.

दर पंधरा मिनिटांनी चामड्यावर दहा ओढी. हे काम थांबवणं वाटतं, पण तेवढ्याने दिवसभर दगडाकडे जावं लागलं नाही.

२७ जुलै, रविवार. कमळ.

काळपट लाकडावर नक्षी दिसेना. तळाला पांढऱ्या खडूची पूड ओल्या बोटाने चोळली, वाळल्यावर टोकदार पेन्सिलने आखलं. पेथापूरचे कारागीरही ठशाच्या लाकडाला आधी पांढरा हात देतात.

पाकळ्यांना साडेतीन तास. क्रम असा ठेवला: मध्याची वाटी, मग एकाआड एक चार पाकळ्या, मग उरलेल्या चार. शेजारच्या पाकळ्या लागोपाठ कोरल्या की मधल्या भिंतीला दोन्हीकडून एकदम आधार जातो.

शिरांना ६० अंशांची व्ही पटाशी, ३ मिमीची. संचातली व्ही घासून उपयोग झाला नाही. तिच्या दोन बाजू एकत्र येतात तिथे नखासारखं टोक राहत होतं. ते घालवलं की खाली खड्डा, खड्डा घालवला की पुन्हा टोक. सुटी देशी व्ही ७४० रुपयांना आणली. सरावात शिरा ०.६ मिमी खोल कोरल्या होत्या. देखण्या, पण पुढची ३ ऑगस्टची नोंद वाचा.

२ ऑगस्ट, शनिवार. ठिपके.

ठिपक्यांची माळ सरावाच्या तुकड्यावर १९.२५ मिमी त्रिज्येवर आखली होती. ठिपका ३ मिमीचा, तळाची त्रिज्या २१, म्हणजे ठिपका आणि भिंत यांत पाव मिमी लाकूड. अर्थातच तुटलं. शिसमावर त्रिज्या १८.५ केली. बाहेरून १ मिमी सुटतो, आतून कमळापर्यंतही १ मिमी. २४ ठिपक्यांना मध्यापासून मध्यापर्यंत ४.८ मिमी येतात.

ड्रिल बिट वापरला तर ठिपका शंकूसारखा होतो आणि पेढ्यावर टोकदार काटे येतात. ३ मिमीचा गोल डोक्याचा बर (कोरायचं दातेरी टोक) छोट्या हातचकमध्ये, म्हणजे टोक पकडणाऱ्या मुठीत, धरून बोटांनी फिरवला. आधी चाकूच्या टोकाने प्रत्येक जागी खूण खोल करायची, नाहीतर बर सरकतो. पाचवा ठिपका अर्धा मिमी सरकलाच. तो तसाच आहे, प्रत्येक पेढ्यावर दिसतो.

एका ठिपक्याला दोन-सव्वादोन मिनिटं.

३ ऑगस्ट, रविवार. कणकेचा छाप.

सरावाच्या तुकड्यावर मुलांची रंगीत माती दाबून पाहत होतो. तिचं तेल लाकडात शिरलं आणि वास जाईना. शिसमाला ती लावायची नाही. घट्ट मळलेली कणीक, तेलाचं बोट लावून, पुरते.

दोन दोष दिसले. तीन पाकळ्यांची टोकं कणकेत तुटून साच्यातच राहिली. चाकूच्या टोकाने तिथे चाचपलं तर भिंत आतल्या अंगाला कापली गेलेली, माथ्यापेक्षा बूड बारीक. कोरताना मूठ आपल्याकडे कलली की हे होतं, वरून बघून दिसत नाही. आरसा आणि मोबाईलचा उजेड बाजूने धरल्यावर सावली दिसली. सगळ्या भिंती पुन्हा १५ अंशांपर्यंत बाहेर कलवल्या. पाकळ्या थोड्या रुंद झाल्या, भिंतींचे माथे एक मिमीवर आले. शिसम आहे म्हणून टिकले.

दुसरा दोष शिरांचा. कणकेत ०.६ मिमीची शीर उठते, खव्यात नाही. दाणेदार खवा एवढ्या बारीक खाचेत शिरतच नाही. पाव वाटी खवा भाजून पाहिला, शीर गायब. १ मिमी खोल केल्यावर (६० अंशांच्या व्हीने रुंदी १.१५ होते) मधली शीर स्वच्छ आली. बाजूच्या दोन शिरा तेवढ्या रुंद केल्या तर पाकळीत जागाच उरत नाही. सोळाही घासून काढून टाकल्या. त्या कोरायला लागलेला तास फुकट.

लाकूड आणि हत्यार किती बारीक काम देऊ शकतं ते इथे बिनकामाचं. खव्याचा दाणा काय उचलतो तेवढंच बारीक कोरायचं. रवाळ बर्फी, साखरेची चित्रं, मेण, प्रत्येकाचा दाणा वेगळा. नक्षी आखण्याआधी त्या पदार्थाचा गोळा घेऊन वेगवेगळ्या रुंदीच्या पाच खाचांवर दाबून बघा.

९ ऑगस्ट, शनिवार. तेल.

सरावाच्या एका तुकड्याला जूनमध्येच शेंगदाणा तेल चोपडलं होतं. ते वाळत नाही. आता खवट वास येतोय. शिसमाला कच्चं जवसाचं तेल, खाण्याचं. रंगाच्या दुकानातलं 'बॉइल्ड' जवस तेल घ्यायचं नाही, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात.

पातळ हात द्यायचा, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसायचं. कोपऱ्यात तेल साचलं तर चिकट डिंक होतो. तो कापसाच्या काडीने काढला. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, जवस वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवली.

पावसाळी हवेत पहिला हात सुकायला पाच दिवस. दुसरा १५ तारखेला दिला. तिसऱ्याला वेळ नाही.

२४ ऑगस्ट, रविवार. खवा.

५०० ग्रॅम खवा, १६० ग्रॅम पिठीसाखर. भाजून, निवून ६१५ ग्रॅम मिश्रण. एका पेढ्याला १६ ते १७ ग्रॅम लागलं, ३६ पेढे झाले.

पहिले चार चिकटले. मिश्रण गरम होतं. हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत थांबल्यावर सुटू लागले. तूप ब्रशने लावलं तर ठिपक्यांत साचतं आणि पेढ्यावर ठिपक्यांऐवजी तुपाचे डाग येतात. तुपाचं बोट फडक्याला पुसून तेच फडकं साच्यात दाबायचं. दर पाच पेढ्यांना एकदा.

गोळा आधी हातात चांगला मळून, भेग नसलेली बाजू खाली करून मध्यात दाबायचा, मग अंगठ्याने कडांकडे. कडांपासून सुरुवात केली की मध्यात हवा अडकते आणि कमळाची वाटी येत नाही. दांड्याचं टोक घडी केलेल्या पंचावर एकदाच ठकदिशी आपटलं की पेढा तळहातावर येतो. दोन-तीनदा हळूहळू आपटलं तर पेढा तिरका सुटतो आणि पाकळ्या घासल्या जातात.

३६ पैकी २९ पूर्ण स्वच्छ, तीन कडेला फाटलेले, ते पहिले चार मोडून पुन्हा गोळ्यात. ठिपका क्रमांक १९ मध्ये दर वेळी खवा राहतो. भिंगातून पाहिलं, आत एक धागा उभा आहे. तेल पुरतं वाळल्यावर बर पुन्हा फिरवायला हवा.

साचा धुताना कोमट पाणी आणि मऊ टूथब्रश, भिजत घालायचा नाही. ठिपक्यांना बांबूची काडी. पालथा न ठेवता कडेवर उभा वाळवला.

पोळपाटातून निघालेल्या दुसऱ्या फळीवर आता ३८ मिमीचा साचा आखला आहे: सहाच पाकळ्या, एकेकच शीर, ठिपके १८. सहा भिंतींना १५ अंश फिरवलं तर कुठलीच भिंत पंचाहत्तरच्या पुढे जात नाही. ३० अंश फिरवून रेषेच्या दोन्ही बाजूंना मांडल्या तर दोन नेमक्या आडव्या येतात, ते टाळायचं. तीस अंशांची चूक खडूने आखतानाच पकडली, या वेळी लाकूड वाया गेलं नाही.